घरबसल्या शिकवणीच्या अ‍ॅपचे दोन महिने

पायाला प्लास्टर असल्यामुळे सहावीतल्या धाकट्याला दोन महिने घरीच बसावे लागले, तेव्हा आम्ही शिकवणीच्या एका अ‍ॅपची सहा हजार रुपयांची वार्षिक वर्गणी भरली. मराठी माध्यम, रोज संध्याकाळी थेट तास आणि पालकांना प्रगतीचा अहवाल, अशी त्याची जाहिरात होती.

चित्रफिती चांगल्या आहेत, हे आधी मान्य करायला हवे. कोन मोजण्याचा धडा मुलाने आपणहून तीनदा पाहिला. कुरबुर भाषेपाशी सुरू होते. अपूर्णांकाला येथे ‘भिन्न’ आणि लसाविला ‘लघुत्तम समापवर्त्य’ म्हटले आहे. हे हिंदी शब्द पाठ्यपुस्तकात नसल्याने मुलगा घडोघडी हाक मारतो आणि टॉवेलच्या कारखान्याची बिले घरून करणारी मी हातातले काम टाकून उठते. आमच्या सोलापूरच्या साखर पेठेतल्या घरात बोलणे तेलुगूत, शाळा मराठीत. त्यात ही तिसरी भाषा कशाला?

थेट तास साडेपाचचा. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि नेमके तेव्हाच आले, तर मी हंडे-बादल्या भरण्यात गुंतते. घरात फोन एकच, त्यावरच मालकांचे फोन येतात, आणि तास बुडतो.

सर्वांत जास्त जाच अहवालाचा. रात्री नऊला ‘तुमचे मूल मागे पडत आहे’ असा संदेश येतो. एकदा तो वाचून मी मुलावर ओरडले, तर दुसऱ्या दिवशी त्याने वहीच उघडली नाही. मला त्याचा अभ्यास घेण्याचे ओझे वाटत नाही. त्या अभ्यासाचा रोज कुणाला तरी हिशेब देण्याचे वाटते. संदेश बंद करण्याची सोय सापडली नाही, म्हणून ग्राहक सेवेला विचारले, तर त्यांनी अधिक महागड्या योजनेची माहिती दिली. 2020 च्या टाळेबंदीत थोरलीही याच फोनवर शिकली, पण तेव्हा तिच्या बाई ‘राहू द्या, उद्या बघू’ असे म्हणायच्या.

शेवटचे तीन आठवडे आम्ही बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड वापरले. ते स्कॅन केले की 2017 पासून सुरू असलेल्या ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-मंचावरचे पाठ मोफत उघडतात. थेट तास नाही, पण मुलगा पाणी भरून झाल्यावर, माझा फोन रिकामा असताना, निवांत बसतो.

पाचपैकी दोन तारे, तेही कोनाच्या धड्यासाठी. प्लास्टर निघाले, वर्गणीचे दहा महिने शिल्लक आहेत आणि पैसे परत मिळणार नाहीत, असे कळवण्यात आले आहे.