लोएबची हिरवी ‘अँटिगनी’: आठ महिन्यांच्या वापरानंतर

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीझच्या नाटकांचा लोएब या द्विभाषिक मालिकेतला (तिचे ग्रीक खंड हिरवे असतात) दुसरा खंड मी घेतला तो केवळ ‘अँटिगनी’साठी, म्हणजे राजा क्रेऑनची आज्ञा मोडून भावाच्या प्रेताला मूठमाती देणाऱ्या मुलीच्या नाटकासाठी. सोबतची तीन नाटके अजून उघडलेलीही नाहीत. डाव्या पानावर ग्रीक संहिता, उजव्या पानावर ह्यू लॉइड-जोन्स यांचे १९९४ सालचे इंग्रजी गद्य भाषांतर आणि तळाला अगदी मोजक्या टिपा, अशी त्याची मांडणी आहे. खिशात मावेल असा आकार आणि टिकाऊ बांधणी यांमुळे आठ महिने रोज लोकलने सोबत नेऊनही पुस्तकाचे एक पानही सुटलेले नाही.

पहिले दोन महिने मी उजव्याच पानावर होतो, हे कबूल केले पाहिजे. भाषांतर स्वच्छ आणि प्रामाणिक आहे, पण ते रंगमंचासाठी केलेले नाही, मूळ ओळीला आधार म्हणून केलेले आहे. मोठ्याने वाचायचे असेल तर पेंग्विनमधले रॉबर्ट फेगल्स यांचे भाषांतर कितीतरी सरस वाटते. मात्र ते ग्रीक ओळीपासून इतके मोकळे होते की शब्दाला शब्द लावायला बसलेला विद्यार्थी त्यात हरवतो.

डाव्या पानाकडे वळलो तो पहिल्याच ओळीमुळे. ‘ओ कोइनॉन आउताडेल्फॉन इस्मेनेस कारा’ असे म्हणून अँटिगनी बहिणीला हाक मारते. शब्दशः पाहिले तर ‘हे सामाईक, सख्ख्या बहिणीच्या, इस्मेनेच्या मस्तका’ असे काहीतरी विचित्र होते, आणि म्हणूनच बहुतेक भाषांतरकार ‘प्रिय बहिणी’च्या आसपास येऊन थांबतात. पण ‘आडेल्फॉस’ म्हणजे एकाच गर्भाशयातला. संस्कृतातला ‘सगर्भ्य’ हा त्याचाच नातलग आणि ‘सहोदर’मागची कल्पनाही तीच. आई-मुलाच्या विवाहातून जन्मलेल्या या बहिणींच्या बाबतीत तो एकच गर्भ हेच सगळ्या अरिष्टाचे मूळ आहे आणि नाटक त्या शब्दाने उघडते. मराठीतला ‘सख्खी’ हा शब्द जवळ जातो, पण त्यात ही भीती नाही.

तिसऱ्या ओळीत आणखी एक गोष्ट हाती लागली. तिथे अँटिगनी ‘आपण दोघी’ या अर्थी द्विवचन वापरते. इंग्रजीत द्विवचन नाही, त्यामुळे उजव्या पानावर ‘आपण दोघी’ आणि ‘आपण सगळे’ असा भेद न करणारे एकच सर्वनाम उरते. शाळेत ‘रामः रामौ रामाः’ घोकलेल्याला मात्र ही जोडी लगेच कानाला लागते. भावाला मूठमाती देण्यात इस्मेने साथ द्यायला नकार देते आणि त्यानंतर अँटिगनीच्या तोंडचे हे जोडीचे रूप नाहीसे होते. दोघींमधला तुटलेला धागा व्याकरणात दिसतो, हे मला एकाही भाषांतरातून कळले नसते.

छंदाचेही तसेच. संवादाची ओळ बारा अक्षरांची, लघु-गुरूंवर चालणारी. ‘गा ल गा’ तीन वेळा आणि प्रत्येकाच्या आधी लघु किंवा गुरू चालणारे एक अक्षर. गणवृत्ते माहीत असलेल्याला हे तासाभरात जमते. थ, फ आणि ख यांचे प्राचीन महाप्राण उच्चारही इंग्रज विद्यार्थ्याला शिकावे लागतात, आपल्याला ते आयते येतात.

मात्र लोएब एकटे पुरत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. ओळ ५७२ घ्या: ‘प्रिय हायमॉन, तुझा बाप तुझा किती अवमान करतो!’ हस्तलिखितांत ही ओळ इस्मेनेची आहे, तर व्हेनिसचा मुद्रक आल्दुस याच्या १५०२च्या छापील आवृत्तीने ती अँटिगनीला दिली आणि नाटकाचे संपादक रिचर्ड जेब यांनीही तेच केले. आपल्या वाग्दत्त पतीविषयी, क्रेऑनच्या या मुलाविषयी, अँटिगनी नाटकात एकदा तरी प्रेमाने बोलते की एकदाही नाही, हे या एका नावावर ठरते. एवढ्या मोठ्या प्रश्नाला लोएबच्या तळटिपेत जागा नसते. त्यासाठी जेब यांची एकोणिसाव्या शतकातली सटीप आवृत्ती किंवा मार्क ग्रिफिथ यांची केंब्रिजची १९९९ची आवृत्ती लागते. ग्रिफिथमध्ये भाषांतर नाही, नवख्याने तिथून सुरुवात करू नये. जेबमध्ये संहिता, भाषांतर आणि टीपा समोरासमोरच्या दोन पानांवर मिळतात. ९०४ ते ९२० या ओळी, म्हणजे नवरा किंवा मूल गेले असते तर त्यांच्यासाठी आपण राजाज्ञा मोडली नसती असे अँटिगनी सांगते तो भाग, जेब यांना पटत नाहीत. त्या नंतर घुसडलेल्या ठराव्यात अशी इच्छा जर्मन कवी गटेनेही बोलून दाखवली होती. ॲरिस्टॉटलने मात्र त्यातल्याच ओळी उद्धृत केल्या आहेत, म्हणून मी अजून त्या ओळींच्या बाजूने आहे.

जेब घेताना एक चूक केली. मागणीनुसार छापलेली स्वस्त प्रत मागवली. तिच्यात स्कॅन इतके अंधुक होते की ग्रीक अक्षरांवरचे श्वासचिन्ह आणि स्वरचिन्ह ओळखूच येईना, आणि दोन पाने तिरकी होती. हक्क संपलेले हे पुस्तक इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आणि स्वच्छ मिळते, हे नंतर कळले. शब्दांची रूपे तपासायला पर्सियसचे संकेतस्थळ उपयोगी आहे, पण ते एका रूपाचे तीन-चार पर्याय देते आणि त्यांतला योग्य कोणता हे आपल्यालाच ठरवावे लागते. पहिल्या पर्यायावर विसंबून मी एकदा षष्ठीला द्वितीया समजून अर्धा रविवार घालवला.

सध्या रोज दहा ओळींचा वेग आहे. लोकलमध्ये लोएब, घरी टॅबवर जेब, अशी विभागणी झाली आहे, आणि क्रेऑनचा मुलाशी, हायमॉनशी, होणारा वाद पुढच्या आठवड्यात सुरू होईल.