आईचा फोटो करून देणारं दादरचं फ्रेमवाल्यांचं दुकान

आई महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीला शिकवायची. तिचा एकटीचा धड फोटोच नव्हता. होता तो 1986चा, फळ्याजवळ मुलांसोबत काढलेला, रंग उडून लालसर पडलेला. तोच घेऊन बाबा आणि मी रानडे रोडजवळच्या या दुकानात गेलो.

काकांनी भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, "बाईंच्या बोटांना खडू लागलाय. तो पुसायचा नाही ना?"

मला इतक्या वर्षांत तो दिसलाच नव्हता. बाबा म्हणाले, "राहू द्या. घरी येऊन कुकर लावायची तेव्हाही असायचा."

काम सुरेख झालंय. 600 डीपीआयवर स्कॅन, मॅट कागद, 12 बाय 15ची सागवानी फ्रेम. चेहरा उगाच गुळगुळीत केला नाही, कपाळावरची आठीसुद्धा तिचीच आहे. 1,850 रुपये झाले. तीन दिवस सांगून पाच लावले, जीव टांगणीला लागला होता. काच साधी आहे, ट्यूबलाइट चमकते. न चमकणारी आधीच मागून घ्या.

तेराव्याला तिची एक जुनी विद्यार्थिनी आली. फोटोपुढे वाकली आणि काचेवरून त्या खडूच्या बोटांनाच हात लावला.