सिंगापूरच्या मंदिरांची पायी सहल : इतिहास भरभरून, वर्तमान हात राखून

सिंगापूरच्या रहिवाशांत हिंदूंचे प्रमाण जेमतेम पाच टक्के आहे. या समाजाची दोनशे वर्षांची वाटचाल मंदिरांच्या आधारे सांगणारी ही सहल मार्गदर्शक बाईंच्या अभ्यासामुळे पैसे वसूल करून देते, पण तिच्यात एक मोठी उणीव राहते.

सुरुवात साउथ ब्रिज रोडवरच्या श्री मरिअम्मन मंदिरापासून होते. १८१९मध्ये सिंगापूरची ब्रिटिश वसाहत वसवणाऱ्या रॅफल्ससोबत पेनांगहून आलेल्या नारायण पिळ्ळै यांच्या पुढाकाराने १८२७मध्ये उभे राहिलेले हे देऊळ आधी लाकूड आणि झावळ्यांचे होते, आणि समुद्र ओलांडून आलेल्या नवख्या माणसाला कामधंदा मिळेपर्यंत तेथेच आसरा मिळत असे. बाईंनी द्रौपदीच्या गाभाऱ्यापुढे आम्हाला बराच वेळ थांबवले, ते योग्यच झाले; दिवाळीच्या सुमारास निखाऱ्यांवरून चालण्याचा येथला ‘तिमिति’ उत्सव तिच्याच नावाने होतो, आणि महाभारत ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांनाही द्रौपदीची देवी म्हणून होणारी पूजा नवी वाटते.

मन सर्वांत जास्त रमले ते वॉटर्लू स्ट्रीटवर. तेथे श्रीकृष्ण मंदिराच्या शेजारीच क्वान इम या देवीचे चिनी मंदिर आहे. तिचे दर्शन घेऊन निघालेले चिनी भाविक कृष्णाच्या दारातल्या धूपपात्रात उदबत्त्या खोचतात, डोळे मिटून हात जोडतात आणि आपल्या वाटेने जातात. त्यांना कोणी अडवत नाही, की कोणाला त्यात वावगे वाटत नाही.

उणीव आहे ती आजच्या जगण्याविषयी. थैपूसम या मुरुगनाच्या (कार्तिकेयाच्या) उत्सवाची सार्वजनिक सुट्टी १९६८मध्ये बंद झाली आणि त्या उत्सवाच्या मिरवणुकीतल्या वाद्यांवर १९७३पासून असलेले निर्बंध २०१६मध्ये काही ठरावीक जागांपुरते सैल झाले, हे मला खोदून खोदून विचारावे लागले. मरिअम्मनसह चार मंदिरांचा कारभार पाहणाऱ्या हिंदू एंडोमेंट्स बोर्ड या वैधानिक मंडळाचा उल्लेखही ओझरताच झाला. थैपूसमला खांद्यावर नवसाची कावडी उचलणाऱ्या किंवा उत्सवात राबणाऱ्या एखाद्या तरुणाशी अर्धा तास बोलायला मिळाले असते, तर यातले कितीतरी आपोआप कळले असते. आयोजकांनी एखादे मंदिर कमी करून तेवढा वेळ जरूर काढावा.

नाव नोंदवताना सकाळची वेळ घ्यावी, कारण बरीच मंदिरे दुपारी बंद असतात.