१ए की २ए? थीसिससाठी सेरोटोनिनचा रिसेप्टर निवडताना

सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा निरोप पेशींवर झेलणारे चौदाएक रिसेप्टर आहेत. पण बालपणीचा ताण आणि मोठेपणचं डिप्रेशन या विषयावर पीएचडी करायला निघालेला माणूस शेवटी दोघांपाशीच येऊन अडकतो: ५-एचटी१ए आणि ५-एचटी२ए (पुढे नुसते १ए आणि २ए). पहिला पेशीला गप्प करतो, दुसरा चेतवतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी ठरवत होतो तेव्हा गाइड म्हणाले, "दोन्ही चांगले आहेत, तू बघ." अशा सल्ल्याने कुणाचं काय भलं होतं कोण जाणे, म्हणून हे लिहितोय. (ज्यांना स्वतःला डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी यावरून औषधाचं काही ठरवू नये. हा सगळा उंदरांचा मामला आहे.)

पेपर वाचून ठरवायचं तर १ए पुढे आहे, यात वाद नाही. १९९८ मध्ये तीन वेगवेगळ्या लॅबनी १ए नसलेले उंदीर तयार केले आणि तिन्हीकडचे उंदीर बुजरे, घाबरट निघाले. मग २००२ मध्ये कोलंबियाच्या रेने हेन यांच्या गटाने हा रिसेप्टर हवा तेव्हा चालू-बंद करता येईल अशी सोय केली. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो पुढच्या मेंदूत असला, तर मोठेपणी उंदीर ठीक वागतो; नंतर काढून घेतला तरी बिघडत नाही. मेंदूच्या वाढीबद्दलच्या प्रश्नाला इतकं स्वच्छ उत्तर क्वचितच मिळतं. डिप्रेशनच्या बाजूनेही १एची कथा सुटसुटीत आहे. मेंदूच्या बुंध्यातल्या राफे या भागातल्या, सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींवरचा १ए हा गच्चीवरच्या टाकीतल्या फ्लोट-वॉल्वसारखा: पातळी वाढली की पुरवठा तोडतो. फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी सुरू केल्यावर गुण यायला दोन-तीन आठवडे का लागतात, याचं एक नेहमीचं स्पष्टीकरण हेच, की तेवढ्या काळात हा वॉल्व ढिला पडतो. २०२३ मध्ये अमेरिकेत जेपिरोन मंजूर झालं, तेही १एवरच काम करणारं औषध. व्हायव्हात परीक्षकाला दाखवायला याहून काय हवं?

तरी मी १ए घेतला नाही. कारण एकच. हा रिसेप्टर राफेतही आहे आणि पुढच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस-कॉर्टेक्समध्येही, आणि दोन्हीकडे त्याच्या कामाचा परिणाम उलटसुलट. ८-ओएच-डीपॅट या १ए चेतवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिलं की राफेतून सेरोटोनिन सुटणं कमी होतं, आणि त्याच वेळी पुढच्या मेंदूतले १ए थेट चेतवले जातात. मग उंदराने जे काही केलं ते कशामुळे? लॅब मीटिंगमध्ये माझ्या प्रत्येक ग्राफला कुणीतरी हात वर करून विचारायचंच, "पण हे ऑटोरिसेप्टरमुळे (म्हणजे राफेतल्या १एमुळे) नाही कशावरून?" आणि प्रश्न रास्त असायचा. २००२च्या कामात भर पुढच्या मेंदूतल्या १एवर होता. त्याच हेन यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की चिंतेची यंत्रणा नीट घडायला राफेतले ऑटोरिसेप्टर हवेत. ज्यांच्याकडे जगातले उत्तम उंदीर, त्यांची ही गत. आपण कोण?

त्यात थर्मामीटर. औषध लागू पडलं की नाही हे बघायची १एची ठरलेली खूण म्हणजे शरीराचं तापमान उतरणं. म्हणजे उंदीर मुठीत धरायचा, शेपटी उचलायची, व्हॅसलीन लावलेला प्रोब गुदद्वारात सरकवायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. तेवढ्यात तो ताणाने तापतो, ते वेगळंच. शिवाय हे उतरणं माऊसमध्ये मुख्यतः राफेमुळे आणि रॅटमध्ये पुढच्या भागातल्या रिसेप्टरमुळे होतं, असं साधारण मानतात. प्राणी बदलला की अर्थ बदलला. आणि आपलं काम तर पिल्लांवर! आठवडाभराच्या पिल्लाला स्वतःचं तापमान धड राखता येत नाही. लहानपणीचा ताण म्हणून आईपासून बाजूला काढलं की ते तसंही गार पडतं. औषधाने गार पडलं की आईविना, हे मला काही केल्या वेगळं काढता येईना. ज्यांना आलं असेल त्यांना नमस्कार.

२एचं तसं नाही. त्याची खूण म्हणजे डोकं झटकणं. डीओआय हे २ए चेतवणारं औषध द्यायचं, पिंजऱ्यावर कॅमेरा लावायचा आणि उंदराला हातही न लावता मोजायचं. कान आणि मान एकदम दोन्ही बाजूंना गर्रकन हलतात, पापणी लवायच्या आत संपतं. सुरुवातीला अंग चाटण्याशी गल्लत होते, पण व्हिडिओ सावकाश फिरवून पाहिला की नजर बसते. २ए नसलेल्या उंदरात ही हालचाल दिसत नाही. तो फक्त कॉर्टेक्समध्ये परत आणला की पुन्हा दिसते. मीटिंगमधला तो हात वर होत नाही. अगदी लहान पिल्लांत मात्र ही खूण कामाची नाही. मी ती मोठ्या झालेल्या उंदरांत वापरली, लहानपणीच्या ताणाने पुढे काय बदललं हे बघायला.

आणि वाढीचा पुरावा इथेही कमी नाही. त्यातला बराचसा मुंबईचाच आहे, कुलाब्याच्या टीआयएफआरमधल्या विदिता वैद्य यांच्या लॅबचा. पिल्लांना आईपासून रोज काही वेळ दूर ठेवलं, पण त्या काळात केटॅन्सेरिन देऊन २ए अडवला, तर मोठेपणीची चिंता टळते (२०११). पिल्लांना फ्लुओक्सेटिन दिल्याने पुढे येणारी चिंताही तशीच टळते, आणि नुसतं डीओआय दिलं तरी ती चिंता उभी राहते (२०१४). पुढे २०२० मध्ये त्यांनी रिसेप्टरच बाजूला ठेवून पुढच्या मेंदूतल्या उत्तेजक पेशींतला जीक्यू मार्ग (२ए पेशीच्या आत ज्या वाटेने निरोप पोचवतो ती वाट) जन्मानंतरच्या दोन आठवड्यांत कृत्रिमरीत्या चालू ठेवला. मोठेपणी चिंता आणि हताशपणासारखं वागणं दोन्ही दिसलं.

२एला गोडबोल्या समजू नका. केटॅन्सेरिन आणि डीओआय दोन्ही २सी या भावंड रिसेप्टरवरही बसतात, त्यामुळे नेमकं २एलाच अडवणारं एमडीएल-१००९०७ मागवावंच लागतं आणि ते महाग पडतं. रिसेप्टर रंगवून दाखवणाऱ्या अँटिबॉडींवर माझा विश्वास नाही. नॉकआउटच्या, म्हणजे २एच नसलेल्या उंदराच्या मेंदूच्या स्लाइसवरही रंग चढलेला पाहिलाय. भ्रम घडवणाऱ्या अळंब्यांतल्या सायलोसायबिनवर काम करायचा मोह होईल, पण ते एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात येतं, तेव्हा परवानग्यांची फाइल आधी, प्रयोग नंतर. आणि डिप्रेशनशी नातं जरा चमत्कारिक: मिर्टाझापिन हे डिप्रेशनचं औषध २ए अडवतं, सायलोसायबिन तोच चेतवतं, आणि नैराश्यावर दोन्हींचं नाव घेतलं जातं. थीसिसच्या प्रस्तावनेत यावर निदान दोन पानं घाम गाळावा लागेल. मला तो घाम परवडला.

तुमच्या लॅबमध्ये राफे आणि पुढचा मेंदू वेगवेगळे हाताळता येतील असे १एचे उंदीर आधीच पैदाशीत असतील, तर माझं ऐकू नका, खुशाल १ए घ्या. नुसती औषधं आणि साधे रॅट हाताशी असतील, तर मी पुन्हा २एच घेईन. एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना डीओआयच्या डोसासोबत व्हिडिओचं मोजमाप कोण करणार, तेही लिहा. मोजणाऱ्याला कुठल्या पिंजऱ्याला काय दिलंय ते कळता कामा नये, आणि त्यासाठी माणूस मिळवणं हेच पहिल्या वर्षातलं सगळ्यात चिवट काम निघतं.