मटेरियल्स प्रोजेक्ट, ओक्यूएमडी की जार्विस: नवं मटेरियल शोधायला डेटा कुठून घ्यावा?

समजा, सोडियम-आयन बॅटरीसाठी नवा कॅथोड शोधायचाय. आधी संगणकावर हजारो संयुगं चाळायची आणि उरतील ती पाच-दहाच भट्टीत घालायची. त्यासाठी लागणारी आकडेमोड मटेरियल्स प्रोजेक्ट, ओक्यूएमडी आणि जार्विस या तिन्ही डेटा-साठ्यांत आयती आणि फुकट मिळते.

सुरुवात मटेरियल्स प्रोजेक्टपासून करावी. बर्कली लॅबच्या या साठ्यात दीड लाखाहून जास्त पदार्थ आहेत. खातं उघडून एपीआय की (प्रोग्रॅममधून डेटा मागवायचा कोड) घ्या, पायथॉनमध्ये सोडियम, मँगनीज, ऑक्सिजन असा शोध लावा. हवी तेवढीच फील्ड्स (माहितीचे रकाने) मागवा. सगळी मागवलीत तर डाउनलोड रेंगाळतं. स्थिरतेसाठी ‘एनर्जी अबव्ह हल’ बघायची, म्हणजे त्याच मूलद्रव्यांच्या सगळ्यात स्थिर पदार्थांच्या ऊर्जा-रेषेपेक्षा (हल) हा पदार्थ किती वर आहे ते; शून्य म्हणजे स्थिर. फक्त शून्यवाले ठेवले तर बनवता येण्याजोगं बरंच काही हातचं जातं, म्हणून 0.05 इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति अणूपर्यंत सूट देतात. तीही ढोबळच, कारण या गणितात हिरा 0.1 च्या पुढे जातो, म्हणजे बाद!

ओक्यूएमडी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं. नोंदी 10 लाखांहून जास्त, आणि अख्खा डेटाबेस मायएसक्यूएल डंप (सगळ्या डेटाची एक फाइल) म्हणून उतरवता येतो. मशीन लर्निंगचं मॉडेल शिकवायचं असेल तर हेच घ्या. मात्र यातल्या पुष्कळ नोंदी माहीत असलेल्या रचनांमध्ये मूलद्रव्यं बदलून तयार केलेल्या आहेत. त्या कुणी प्रयोगशाळेत बनवलेल्या नाहीत.

बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा) किंवा थरांचे पदार्थ हा विषय असेल तर अमेरिकेच्या निस्ट या मापन-मानक संस्थेचं जार्विस. नेहमीचं पीबीई फंक्शनल (इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढायचं अंदाजी सूत्र) गॅप फार कमी दाखवतं: सिलिकॉनचा खरा गॅप 1.1 इलेक्ट्रॉनव्होल्ट, मटेरियल्स प्रोजेक्टमध्ये 0.6 च्या आसपास. सौरघटासाठी ‘1 पेक्षा जास्त’ अशी अट घातलीत तर सिलिकॉनच गळेल. जार्विसमध्ये बऱ्याच पदार्थांचे गॅप टीबी-एमबीजे पद्धतीने काढलेले आहेत, ते वास्तवाच्या जवळ जातात. शिवाय थरांमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण धरणारं फंक्शनल वापरल्यामुळे थरांमधलं अंतरही ठीक येतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे दोन साठ्यांच्या ऊर्जा एकत्र करून हल काढणं. मँगनीजच्या ऑक्साइडला मटेरियल्स प्रोजेक्ट हबार्ड यू (अशा धातूंच्या इलेक्ट्रॉनांसाठीची दुरुस्ती) लावतं, वर ऑक्सिजनची दुरुस्ती करतं. ओक्यूएमडीची दुरुस्ती वेगळी. मिसळलंत की येणारा फरक सहज त्या 0.05 एवढा किंवा जास्त होतो आणि चाळणीला अर्थ उरत नाही. स्वतः व्हास्प या सॉफ्टवेअरवर गणित केलंत तरी हाच नियम: पायमॅटजेन या पायथॉन लायब्ररीतला एमपीरिलॅक्ससेट, म्हणजे मटेरियल्स प्रोजेक्टच्याच सेटिंग्ज, घ्या (ऊर्जेचा कटऑफ 520 इलेक्ट्रॉनव्होल्ट), आणि तुलनेआधी मटेरियल्स प्रोजेक्टची 2020 ची कंपॅटिबिलिटी दुरुस्ती लावा. साठ्यातली नोंद आर-टू-स्कॅन या वेगळ्या फंक्शनलची असेल तर तिच्याशी ही ऊर्जा थेट ताडू नका.

प्रयोगातून मिळालेल्या रचना सीओडी या स्फटिक-रचनांच्या खुल्या साठ्यात मिळतात, लॉगिनशिवाय. तिथे सोडियम कॅथोडची नेहमीची अडचण म्हणजे अर्धवट भरलेल्या जागा. 0.67 सोडियम असलेला पी-2 प्रकारचा थर गणितात जसाच्या तसा घालता येत नाही. आधी पायमॅटजेनमधलं ‘इज-ऑर्डर्ड’ (सगळ्या जागा पूर्ण भरल्यात का) तपासा. उत्तर नाही आलं तर सुपरसेल (मूळ पेशी अनेकदा जोडून केलेली मोठी पेशी) करून सोडियमच्या वेगवेगळ्या मांडण्या काढा आणि सगळ्यात कमी ऊर्जेची घ्या.

डीपमाइंडच्या ग्नोम या एआय-प्रकल्पाचा 2023 चा डेटा अव्यावसायिक वापरापुरता आहे. कंपनीसाठी काम करणाऱ्यांनी तो बाजूला ठेवावा. आणि शोध लावल्या दिवशीच डेटाबेसची आवृत्ती लिहून ठेवा. नवी आवृत्ती आली की हल बदलतो, काल शून्यावर असलेलं संयुग आज वर गेलेलं दिसू शकतं.