शिकारीची सहल: आउटफिटर थेट गाठावा की एजंटमार्फत?

एजंटकडे एका फोनवर चार आउटफिटरांची, म्हणजे शिकारीची सहल घडवून आणणाऱ्यांची, माहिती मिळते. कमिशन बहुतेकदा आउटफिटरच देतो, म्हणून दर सहसा तोच पडतो. पण जो कमिशन देतो त्याचंच कौतुक होणार, हेही उघड आहे.

थेट बोलण्यात वेळ जातो, तरी मला तेच पटतं. परवाना, विमा, एका गाइडमागे किती शिकारी, जखमी होऊन निसटलेलं जनावर केलेल्या शिकारीत मोजतात का, सगळं त्यालाच विचारता येतं. रिकाम्या हाताने परतलेल्यांचे नंबर मागा. खूश गिऱ्हाइकांचे तो न मागता देतोच. मोकळ्या रानात 'शंभर टक्के हमी' देणाऱ्याचा तर फोनच ठेवावा.

परदेशी जायचं, बंदुकीची कागदपत्रं करायची, तर मात्र अनुभवी एजंट बरा.