विज्ञान आणि ख्रिस्ती श्रद्धा यांवरील तीन संध्याकाळचा वर्ग : धुळ्यातील अनुभव

विज्ञान आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचे एकमेकांशी जुळते का, या प्रश्नावर एका ख्रिस्ती संस्थेने गेल्या महिन्यात धुळ्यात तीन संध्याकाळचा वर्ग घेतला. शुल्क 200 रुपये होते आणि त्यात चहा व एक पुस्तिका मिळाली. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि रविवारी उपासनेलाही जातो, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडे विचारला जातो. हाच वर्ग पुढे नंदुरबार आणि नवापूर येथे होणार असल्याचे समजले, म्हणून तिकडच्या इच्छुकांसाठी हे लिहीत आहे.

पहिली संध्याकाळ आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यांची होती आणि तिच्यासाठी पूर्ण शुल्क मोजले तरी वाईट वाटू नये. वक्त्यांनी टेबलावर स्टीलची दोन ताटे मांडली होती. एकात गोल वाटाणे, दुसऱ्यात सुरकुतलेले. ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठात 1843 साली दाखल झालेल्या या संन्याशाने मठाच्या बागेत वर्षानुवर्षे वाटाणे लावले, संकराच्या दुसऱ्या पिढीतले 7324 दाणे मोजले आणि त्यांत 5474 गोल व 1850 सुरकुतलेले असल्याची नोंद केली. हे प्रमाण जवळजवळ तीनास एक भरते. 1866 साली छापलेल्या या निबंधाकडे 1900 पर्यंत कोणी फारसे लक्ष दिले नाही, आणि मधल्या काळात मेंडेल मठाधिपती होऊन वारलेही.

एवढ्यात मागच्या बाकावरून साक्री तालुक्यातल्या एका कापूस उत्पादकाने अहिराणीत विचारले, “मंग घरनं बी काबर चालस नही?” (मग घरचे बियाणे का चालत नाही?) वक्ते सुदैवाने शेतीतले जाणकार निघाले. संकरित कपाशीची पहिली पिढी एकसारखी येते, पण तिचीच सरकी पुढच्या वर्षी पेरली तर आजी-आजोबांचे गुण पुन्हा वेगवेगळे होऊन बाहेर पडतात आणि शेतात एक झाड उंच तर दुसरे बुटके, एकाचे बोंड मोठे तर दुसऱ्याचे लहान असे दिसते, हे त्यांनी ताटातले वाटाणे हातात घेऊन समजावले. बियाण्याच्या पाकिटासाठी दरवर्षी पैसे मोजणाऱ्या माणसाला मेंडेल यापेक्षा चांगला समजावता येईल, असे मला वाटत नाही. महत्त्वाचे म्हणजे, वाटाण्यांतून देव सिद्ध होतो असे वक्ते एकदाही म्हणाले नाहीत. मेंडेल प्रार्थना करीत आणि दाणेही प्रामाणिकपणे मोजीत, एवढ्यावर ते थांबले.

दुसऱ्या संध्याकाळी गॅलिलिओ होते आणि तिथे गाडी घसरली. 1633 चा खटला म्हणजे केवळ एका हट्टी स्वभावाच्या माणसाचा व्यक्तिगत वाद, अशी मांडणी करून विषय दहा मिनिटांत गुंडाळला गेला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगणाऱ्या कोपर्निकसच्या पुस्तकावर चर्चने 1616 साली बंदी घातली होती, सूर्य स्थिर झाल्याचे बायबलमधील यहोशवाच्या पुस्तकातले वचन त्या वादात पुढे केले जात होते आणि गॅलिलिओंना 1642 मध्ये मृत्यू येईपर्यंत नजरकैदेत राहावे लागले, हे सांगितले असते तर श्रोत्यांची श्रद्धा डळमळली नसती. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1992 साली चूक झाल्याचे मान्य केलेच आहे; मग आपणच का संकोचावे?

तिसऱ्या संध्याकाळी बेल्जियमचे धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र आले. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी 1927 च्या निबंधात मांडले आणि 1931 मध्ये आद्य अणूची, म्हणजे सारे विश्व एकाच आरंभबिंदूतून निघाल्याची, कल्पना पुढे ठेवली, इथपर्यंत सारे ठीक होते. पण त्यानंतर वक्त्यांनी महास्फोट (विश्वाचा हाच आरंभ, म्हणजे ‘बिग बँग’) म्हणजे बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायाचा पुरावा, असे जाहीर केले आणि टाळ्या घेतल्या. पोप बारावे पायस यांनी 1951 साली काहीशा याच दिशेचे भाषण केले, तेव्हा नाराज झालेल्यांत खुद्द लमेत्र होते. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नांपासून अलग राहतो, अशी त्यांची भूमिका होती, कारण उद्या सिद्धांत बदलला तर त्यावर टेकवलेली श्रद्धाही कोसळेल. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो मुद्दा पुन्हा काढला नाही. ज्यांचे नाव घेऊन टाळ्या मिळवल्या, त्यांचीच हरकत सांगायची राहिली. मेंडेलच्या बाबतीत पाळलेला संयम इथे का सुटला, हे मला कळले नाही.

आता पुस्तिका. नवव्या पानावर पृथ्वीचे वय सुमारे सहा हजार वर्षे दिले आहे आणि एकतिसाव्या पानावर, लमेत्रांच्या प्रकरणात, विश्वाचे वय 1380 कोटी वर्षे. दोन्ही विधाने एकाच मुखपृष्ठाच्या आत नांदतात. पहिला आकडा आयर्लंडच्या आर्चबिशप अशर यांच्या सतराव्या शतकातील गणिताला जवळचा आहे, बायबलमध्ये तो कोठेही लिहिलेला नाही. सभागृहातून बाहेर पडून लळिंगच्या डोंगराकडे पाहिले तरी पुरे होते. तो काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. निसर्गाविषयी चुकीचे बोलून ख्रिस्ती लोक अन्य लोकांसमोर बायबलचेच हसे करतात, अशी तक्रार संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी केली होती. ती तक्रार या पुस्तिकेला जशीच्या तशी लागू पडते.

बैठक व्यवस्था बरी होती, चहा गोड होता, ध्वनिक्षेपक मात्र तिन्ही दिवस कुरकुरत होता. पहिल्या दिवसापुरता स्वतंत्र प्रवेश मिळत असेल तर विद्यार्थ्यांना अवश्य न्यावे. दोन पानांमधील विसंगती मी आयोजकांना लेखी कळवली. नंदुरबारच्या प्रतींवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवू, असे त्यांनी नम्रपणे उत्तर दिले. कोणत्या पानावर, ते मात्र लिहिले नाही.